हिलाल आप्पांची वांझ ज्वारी

कोरीटच्या हिलाल आप्पांचं लग्न लागत होतं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका रंगात आलेल्या, आणि नवरदेव हळूच खाली वाकून अंतरपाटाखालून पलीकडचे पाय न्याहाळू लागला. मामानं कोपरानं ढोसलं तसा म्हणाला, "दाखाडेल पोर हाईच शे का, तेवढं पाही लेऊ द्या."

पोर तीच होती. मंगलाबाई तिचं नाव. ते वाकलेलं ध्यान तिनं अंतरपाटाच्या कडेनं पाहिलं होतं, आणि आपल्याला कसल्या माणसाबरोबर दिवस काढायचे आहेत ते तिथंच ओळखलं होतं. फार काही चुकलं नाही तिचं.

खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्यावर राखेचा ठसा मारायचा, म्हणजे कुणी ओंजळ उचलली तर ठसा मोडतो, ही रीत साऱ्या गावाचीच. आप्पा तो ठसा दह्याच्या मडक्यावर बांधलेल्या फडक्यावरही मारत. मंगलाबाईंनी सुताराकडून तस्साच दुसरा ठसा केव्हाच करून घेतला होता, हे आप्पांखेरीज सगळ्या कोरीटला ठाऊक होतं. शेजारच्या दगूबाईंना तर त्या दह्याची चवही ठाऊक होती.

पण माणूस उगाच संशयी नव्हता. त्याच्याकडे राखण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते म्हणजे ज्वारीचं बियाणं.

पीक उभं असतानाच आप्पा वावरात शिरत. हातात चिंध्या. कणसाकणसापुढे थांबत, दाणा चिमटीत धरत, मान तिरकी करून ताटाची बुडापासून शेंड्यापर्यंत झडती घेत. मनात भरलं त्याला चिंधी बांधत. अशी कणसं वेगळी कापून परसातल्या पडवीत चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगलेली असत, आणि त्यांच्याखाली बसून भाकरी थापताना वर बघायची सोय मंगलाबाईंना नव्हती. "वर काय देखस?" असा लगेच प्रश्न यायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे शेतीचं वरीस उजाडतं त्या दिवशी, गावातलं घर न घर सूप घेऊन आप्पांच्या ओट्याशी यायचं. आप्पा प्रत्येक सुपात पसाभर ज्वारी घालत. ती आपल्या बियाण्यात मिसळायची, मगच तिफण वावरात न्यायची. देणंघेणं काही नाही. नुसता मान. आप्पांच्या बापाकडून आप्पांकडे आलेला. त्या दिवशी आप्पा नवा फेटा बांधत आणि एरवी ज्याच्यावर डोळा ठेवत त्यालाही "या, बसा" म्हणत.

हा मान आपल्या ओट्यावर यावा असं ज्याला वाटत होतं, तो चुलतभाऊ दोधू. गोड माणूस. बोलण्यात इतका गोड, की आप्पा त्याच्याशी बोलून आले की चूळ भरत.

आता एका गाठीची गोष्ट. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला सातपुड्यातल्या पाड्यांवरून माणसं ज्वारी कापायला तापी ओलांडून खाली येत. आप्पांकडे यायची ती रूपलीबाईची टोळी. उंच, काटक बाई. विळा चालायला लागला की तिच्या मागं सगळ्यांचे विळे चालत. एका संध्याकाळी परसात कापणाऱ्यांना त्यांच्या वाट्याची कणसं देणं चाललं होतं, आणि आप्पांना दिसलं की रूपलीबाईच्या लुगड्याच्या पदराला गाठ आहे. फुगलेली. दाण्यादाण्यांची.

बरोबर वर आढ्याला बियाण्याची कणसं. आप्पा ताडकन पुढे झाले.

"गाठमा काय शे?"

"मन्हं शे," रूपलीबाई म्हणाली.

"सोड."

"कोकिळाना बाप, असं काय करतस!" मंगलाबाई मध्ये पडल्या. कोकिळा म्हणजे त्यांची विसरवाडीला दिलेली लेक. नवऱ्याला हाक मारायची तर तिच्या नावानं.

"सोड म्हनी ऱ्हायनू ना मी!"

रूपलीबाईनं आप्पांकडे पाहिलं, टोळीकडे पाहिलं. मग एका हिसक्यात गाठ सोडून पदर झटकला. मोरीपाशी, चिखलात, मडक्यांखाली, सगळीकडे मणी उडाले. राखी रंगाचे, चकचकीत, ज्वारीच्या दाण्याहून चांगले थोराड. कुठल्या दुकानातले नव्हेत. फुरसतीत माळ ओवायला जवळ ठेवलेले.

"देखी ले," ती म्हणाली.

मणी तिनं वेचले नाहीत. टोळी त्याच पावली निघाली. त्या वर्षी आप्पांची ज्वारी उशिरा कापली गेली, आणि पाखरांनी जिवाची चैन केली. आप्पांनी चूक कबूल केली का? छे. "मनी व्हतात तं मनी. पन लपाडाना कसाले?" एवढंच म्हणाले. मंगलाबाईंनी त्यानंतर बरेच दिवस नवऱ्याशी थेट बोलणं सोडलं. सांगायचं ते बैलाला सांगत. "ढवळ्या, तुन्हा मालकले सांग, जेवण वाढेल शे."

पुढला पावसाळा आला, आणि मोरीच्या ओलाव्यावर हिरवे कोंब वर आले.

आप्पांनी वाकून पाहिलं. रुंद पान, मधोमध पांढरट शीर, जाड पेर. ज्वारीच ती. खाली आढ्यावरून दाणा गळला असणार, दुसरं काय! एरवी कुणाची बकरी परसात डोकावली तर आप्पांना त्यात बकरीवाल्याचा कट दिसे. पण स्वतःच्या बियाण्याचं कौतुक समोर आलं तेव्हा मात्र संशय कुठं पळाला कुणास ठाऊक. त्यांनी दगूबाईंना कुडावरून हाक मारली.

"देख वं दगूबाई! मोरीना पानीवर उगनी! हाई मन्हं बियानं शे!"

एवढ्यावर थांबतील तर आप्पा कसले. येणाऱ्याजाणाऱ्याला परसात नेऊन दाखवलं. दोधूला तर मुद्दाम. दोधू म्हणाला, "वा आप्पा, वा! दगडवरबी उगी तुमनी ज्वारी." आणि मोरीवर पाय धुऊन गेला.

 मंगलाबाई फक्त रोज भांडी घासून झाली की उरलेलं पाणी त्या ताटांच्या बुडाशी घालत, आणि आजूबाजूचं दुसरं गवत खुरपून काढत. निंदणीत त्यांचा हात गावात पहिला. ज्या बाईच्या वाफ्यात नको ती काडी दिसायची नाही, ती या ताटांना मात्र मातीची भर लावत होती. दगूबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. नजर ती! पण त्या मनात ठेवून होत्या. मनात ठेवलेलं त्यांना पचत नसे, तरी ठेवून होत्या.

श्रावण गेला, भादवा गेला. वावरातली ज्वारी निसवली, शेंड्याशेंड्यावर कणसं बाहेर पडली. मोरीवरची मात्र कमरेच्या वर गेली, फुटवे फुटून दाट झाली, पण शेंड्याला काही येईना. नुसती पानं आणि पानं.

घट बसले त्या दिवशी दगूबाईंनी कुडावरून मान काढली.

"काय आप्पा, ज्वारी वांझ शे का काय तुमनी?"

वाक्य एवढंच. पण ज्वारीवर जगणाऱ्या गावात याहून वाईट वाक्य नाही. संध्याकाळपर्यंत ते पाणवठ्यावर पोचलं, दुसऱ्या दिवशी पारावर. आप्पांचं बियाणं फिरलं. आप्पांनी स्वतः सांगितलं होतं ना, हे माझंच बियाणं म्हणून! मग तोच पसा आपण आपल्या बियाण्यात मिसळायचा? वावरच्या वावर असं उभं राहिलं तर खायचं काय, पानं?

दोधू भेटायला आला. तोंड असं केलेलं की जणू घरात कुणी आजारी आहे. "आप्पा, मी काही म्हनत नही. पन लोके म्हनतस का येती आखाजीले पसा कोना घरना लेवा."

"कोना घरना?"

"ते मी काय सांगू! मन्हं नाव लेतस काही जन. मी म्हनतो नका भो, आप्पाले वाईट वाटी."

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. पानात वाढलेलं दोधूनं तर पाठवलं नाही ना, अशा नजरेनं ताटाकडे बघत बसले. मग डोक्यात वीज चमकली. दोधूनं मोरीवर पाय धुतले होते! पायाला काही लावून आला असेल. पाण्यात काही सोडलं असेल. चांगल्या ज्वारीची कूस अशीच बंद होते का? तरातरा उठून मोरीपाशी गेले आणि ज्वारीची ताटं उपटणार, तोच मंगलाबाई आडव्या आल्या. त्यांनी पुष्कळ महिन्यांनी थेट तोंड उघडलं.

"घट बसेल शेतस. घरमा उगेल कशालेबी हात लावाना नही."

"पन लोके..."

"देवीले सांगू का, कोकिळाना बापनं घटमा उगेल उपडं म्हनून?"

देवीशी वाकडं घ्यायची आप्पांची तयारी नव्हती. पण संशयी माणसाला हात बांधून बसवतं कोण? उपटायचं नाही, ठीक आहे. लोकांना दिसायचं तरी नाही. त्यांनी पऱ्हाटीच्या काड्या आणल्या, मोरीभोवती उंच कूड घातला, त्यावर जुनी गोणपाटं लटकवली, आणि दाराला सुंभानं गाठ मारून गाठीवर राखेचा ठसा मारला. घाम पुसला. आता कुणी काही बोलणार नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

कोरीटसारख्या गावात माणूस परसाला पडदा लावतो आणि लोक गप्प बसतात, असं कधी झालंय?

"आत काय व्हई वं?" पाणवठ्यावर एकीनं विचारलं.

"पडदामा काय लावतस?" दगूबाई म्हणाल्या. "मी नाव लेवाव नही. पन वास येस."

वास मोरीचा होता. पण नाव न घेता दगूबाईंनी जे सांगायचं ते सांगितलं होतं, आणि गांजा हा शब्द गावात कुणी मोठ्यानं न उच्चारता घरोघर जाऊन पोचला. बिगरपरवाना गांजा लावला तर सरकार हातात बेड्या घालतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. विसरवाडीहून कोकिळाचा निरोप आला, की बापाला म्हणावं असलं काही असेल तर आधी उपटा, इथं सासरे विचारतात. आप्पांना निरोपाचा अर्थच कळेना. त्यांना वाटलं वांझ ज्वारीची बातमी विसरवाडीपर्यंत गेली. त्यांनी कुडावर आणखी दोन गोणपाटं चढवली.

दसरा झाला आणि नंदुरबारहून अबकारीचा जमादार घोडीवर बसून आला. त्याच्या कानावर कुणी घातलं, हे कधी उघड झालं नाही. दोधू त्या दिवशी सकाळपासून पारावर दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसला होता, एवढंच लोक सांगतात.

परसात सारा गाव. कुडावर पोरंसोरं, मागं बायका.

"आत काय आहे?" जमादारानं विचारलं.

आप्पा कुडाच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. गप्प राहावं तर हा आत जाणार. सांगावं तर गावासमोर आपल्याच तोंडानं आपल्या बियाण्याचा बोभाटा. त्यांनी मंगलाबाईंकडे पाहिलं. त्या पदराआड हसत होत्या की रडत होत्या, ते कळेना.

"ज्वारी," आप्पा म्हणाले.

"ज्वारीला पडदा?"

"नवी नवरी शे ती, जमादारसाहेब," मागून दोधूचा आवाज आला. सगळा परस हसला.

जमादारानं गाठ तोडली, गोणपाट फेकलं आणि आत शिरला. पानं सळसळली. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर काहीतरी होतं, आणि चेहरा असा, की घोडीवरून इतकी रपेट यासाठी मारली!

"हा काय गांजा आहे? मणी आहेत हे. पानापानाच्या बगलेत लटकलेत."

लोक पुढं घुसले. शेंड्याकडे बघत बसलेल्या गावाला बगलेत बघायचं सुचलंच नव्हतं. खाली वाकून पाहिलं तर पेरापेराशी मणी, कोवळे हिरवे, पिकलेले राखी, चकचकीत. देवानंच भोक पाडलेलं, दोरा ओवायची तेवढी खोटी.

आप्पांनी एक मणी चिमटीत धरला. जसा कणसाचा दाणा धरत तसाच. आणि ओळखला.

"हाई... हाई तं रूपलीबाईना..." मग जुनी सवय उसळून आली. "कोनी पेरं आठे? कोनी?"

"तुम्हीच," मंगलाबाई म्हणाल्या. पदराआड नाही, सगळ्यांसमोर. "गाठ सोडाले कोनी लावी? चिखलमा कोनी सांडा? मी नुसतं पानी घालं. ती बाईनं ते वेचात नही, म्हनून. मन्हं म्हननं, पिकतीन तं तिले परत देऊत."

 कुडावरचं एक पोर हसलं, आणि मग कुणाला आवरेना. जमादारसुद्धा मिशीत हसून घोडीवर बसला. आप्पाही हसले असते. बियाणं सुटलं होतं! ही ज्वारीच नव्हती, मणी धरणारं डोंगरातलं गवत होतं; मग वांझ कसली? त्यांनी छाती पुढे केली आणि दोधूकडे वळून म्हणाले, "देखं का? मन्हा बियानाले डाग नही!"

"नही ना आप्पा," दोधू गोड आवाजात म्हणाला. "बियानाले डाग नहीच. पन ज्वारी कोनती आनि गवत कोनतं, हाईच ज्याले वळखू येत नही, त्याना हातना पसा कोन लई, एवढं सांगा."

हसणं थांबलं. लोकांच्या माना हलू लागल्या. बोलणं खरं होतं, आणि दोधूच्या तोंडून खरं निघालं की ते फार लागायचं. पावसाळाभर ज्यानं गवताला आपलं बियाणं म्हणून मिरवलं, तो उद्या सुपात काय घालील कुणी सांगावं?

मणी पिकले तसे मंगलाबाईंनी उतरवले, काही मडक्यात राखले, बाकीचे एका फडक्यात बांधून नवऱ्यापुढे ठेवले. "वावरमा ज्वारी उभी शे. कापाले कोनी येवाव नही. जा."

आप्पा गेले. गाडी जुंपली, तापी नावेनं ओलांडली, आणि डोंगरातली माणसं जिथं बाजाराला उतरतात त्या खापरची वाट धरली. निघताना एक काम मात्र चोरून केलं. वावरात शिरून चिंधीवाली काही कणसं तोडली, दाणे चोळले आणि फेट्याच्या मोकळ्या टोकात, शेवात, बांधून घेतले. आपण घरी नाही म्हटल्यावर दोधू काय करील, काय सांगावं?

खापरच्या बाजारात रूपलीबाई मिठाच्या ढिगापाशी बसलेली दिसली. आप्पांनी फडकं तिच्यापुढे ठेवलं. 

तिनं फडकं सोडलं, मणी हातात घोळवले. मग वर पाहिलं. नजर आप्पांच्या फेट्यावर थांबली.

"आप्पा, फेटाना शेवमा काय शे?"

आप्पांचा हात आपोआप फेट्याकडे गेला. "मन्हं शे."

"सोड."

आजूबाजूच्या बायका माना वळवून बघू लागल्या. टोळीतल्या बायाही त्यांत होत्या. भर बाजारात फेट्याला हात! आप्पांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग सावकाश फेटा उतरवला आणि बोडक्या डोक्यानं शेवाची गाठ सोडली. पांढरीशुभ्र, टपोरी ज्वारी तळहातावर ओतली.

रूपलीबाई त्या दाण्यांकडे बघत राहिली. हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. तिनं आपला पदर पुढे केला. "माले दे. डोंगरमा पेरसू."

आप्पांनी दिली. आपल्या हातानं पसा घातला, जसा आखाजीला घालत तसा. तिनं पदराला गाठ मारली, आणि आप्पांकडे रोखून बघत ती गाठ नीट घट्ट केली. आप्पा काही बोलले नाहीत. हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड गप्प बसण्याचा प्रसंग असावा. पुढच्याच आठवड्यात टोळी कोरीटला उतरली, आणि पाखरांना त्या वर्षी उपास घडला.

पण आखाजी यायची होती.

आली. आप्पा नवा फेटा बांधून ओट्यावर बसले. पुढ्यात ज्वारीची टोपली. सकाळ गेली, ऊन ओट्यावर चढलं. कुणी येईना. समोरच्या गल्लीत दोधूच्या ओट्यावर माणसांची कुजबुज. आप्पा नुसते टोपलीतल्या दाण्यांवरून हात फिरवत होते.

मग कुडाकडून दगूबाई आल्या. हातात सूप. आप्पांचा चेहरा फुलला.

"ज्वारी नही पायजे," दगूबाई म्हणाल्या. "ते मनी शेतस ना, त्यासनं बी दे. मन्ही मोरीबी कोरडी पडेल शे."

आप्पांनी डोळे बारीक केले. इतक्या वर्षांचा संशय एका जागी आला आणि पहिल्यांदाच कामाला लागला. या बाईला मणी का हवेत? नातीच्या गळ्यात घालायला. आणि हिला हवेत म्हणजे पाणवठ्यावरच्या सगळ्यांना हवेत. आप्पा आत गेले, मंगलाबाईंनी राखून ठेवलेल्या मण्यांचं मडकं घेऊन आले, आणि मांडीखाली ठेवून बसले.

"मनी लेवा तं आधी पसा लेवा."

"हाई काय लचांड!"

"मन्हा घरनी रीत शे. आजपासून."

दगूबाईंनी शिव्या घातल्या आणि सूप पुढे केलं. आप्पांनी पसाभर ज्वारी घातली, वर चार मणी. त्या परतल्या आणि गल्ली हलली. एकामागून एक सुपं आली. तोंडानं "मनी, मनी", सुपात ज्वारी. दोधूच्या ओट्यावरची कुजबुज पातळ होत गेली, कारण त्यांच्या बायका सुपं घेऊन इकडे उभ्या होत्या. दोधूची बायको धनुबाई तर दोनदा येऊन गेली. दुसऱ्या खेपेला आप्पांनी ओळखलं, तरी दोन पसे दिले.

टोपली तळाला लागली तेव्हा खुद्द दोधू समोर उभा. हातात सूप.

"मनी नही," आप्पा म्हणाले. "सरनात."

"मनी कोन मांगस?" दोधू दुसरीकडे बघत म्हणाला. "पसा दे."

आप्पांचा हात टोपलीत गेला आणि तिथंच थांबला. मणी नकोत? नुसती ज्वारी? आणि हा? का? पसा तर घातला त्यांनी सुपात; पण त्या वर्षी पाऊस पडल्यापासून दोधूचं वावर निसवेपर्यंत आप्पा रोज संध्याकाळी त्याच्या बांधावर जाऊन उभे राहत, आणि एकेका ताटाच्या बगलेत वाकून बघत.